वाचवून आणलेले बजी (छोटे पोपट), हात दिसला की पिंजरा डोक्यावर घेतात. काय करू?

जुळेसोलापूरची_माऊ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या मागच्या गल्लीत एक भाडेकरू होते ते फेब्रुवारीत खोली सोडून गेले आणि गॅलरीत पक्ष्यांचा पिंजरा तसाच टाकून गेले. घरमालक काका रोज पाणी घालत होते, दाण्याची वाटी भरलेलीच दिसायची म्हणून त्यांना वाटलं खातायत. तिसऱ्या दिवशी एक मेलेला दिसला तेव्हा मला बोलावलं, कारण मी मांजरांना खायला घालते म्हणजे मला पक्ष्यांचंही कळत असणार! मला काही कळत नाही. आपल्याकडे ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते हे, पण गुगलवर बघितलं तर बजी निघाले. चार उरलेत, दोन हिरवे, एक पिवळा, एक निळा. पिवळ्याच्या चोचीभोवती पांढरट खपली धरलीय, निळ्याची नखं वाढून वाकडी झालीत. सध्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवलेत म्हणजे माणसांची सवय होईल. पण दाणे घालायला हात आत घातला की चौघं असे काही धडपडतात की पिसं उडतात, आणि माझा मुलगा (चौथीत आहे) रोज विचारतो बोटावर कधी बसणार. शेजारच्या मावशी म्हणतात पंख काप, आठ दिवसांत माणसाळतील. खरंय का? आणि वाटी भरलेली असताना तो एक मेला कशानं, हे काही डोक्यातून जाईना.

पेरूची_फांदी
माऊताई, आधी पिंजरा स्वयंपाकघरातून हलवा, आज, आत्ता. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा जो धूर येतो तो आपल्याला जाणवतही नाही पण हे पक्षी काही मिनिटांत मरतात. अगरबत्ती, फोडणीचा ठसका, मच्छरची कॉइल, सगळंच त्यांच्या फुप्फुसाला जड. हॉलमध्ये भिंतीला एक बाजू लागेल असा, आपल्या छातीएवढ्या उंचीवर ठेवा.

त्या वाटीचं सांगते, वाईट वाटून घेऊ नका. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथंच वाटीत पडतं. त्यामुळे वाटी वरून काठोकाठ दिसते आणि आत एक दाणा नसतो. नव्या माणसाला हे कळतच नाही, काकांचा दोष नाही त्यात. रोज वाटीवर फुंकर मारायची, फोलपट उडतं, दाणा राहतो, मग कळतं किती उरलंय. अंगानं ३०-४० ग्रॅमचा जीव, एक दिवस उपाशी राहिला तरी ढासळतो.

पिवळ्याची खपली म्हणजे बहुतेक बारीक किडे आहेत, चोचीभोवती आणि पायावर होतात, भिंगातून बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. घरात तेलबिल चोपडत बसू नका, पिसं चिकटून पक्षी गारठतो. पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, ते वजन करून औषधाचा थेंब देतात. मी एकदा एका कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं तर त्यांनी पक्षी हातात घेऊन मलाच विचारलं हा नर का मादी, त्यामुळे आधी फोन करून विचारून जा. नखंही त्यांच्याकडूनच, मधली शीर कापली गेली तर रक्त लवकर थांबत नाही.

चादरगल्ली_१९७८
काय ओ ताई, एवढ्या साध्या गोष्टीला डॉक्टर. आमच्या वडलांनी वीस वर्षं पाळले, वरचे पंख कापायचे आणि एकेकाला वेगळ्या पिंजऱ्यात टाकायचं, एकटा पडला की झक मारत माणसाकडं येतो. आमचे तर खांद्यावर बसून यंत्रमागाच्या शेडपर्यंत यायचे.

पेरूची_फांदी
काका, येत असतील, मी खोटं म्हणत नाही. पण तो आवडीनं येत होता का दुसरं कोणी नव्हतं म्हणून, ते बघा ना. हे ऑस्ट्रेलियातले थव्यात राहणारे पक्षी, एकटा ठेवला तर खातापितानाही घाबरतो. आणि हे तर आधीच उपाशी पडलेले, त्यात एक डोळ्यादेखत गेला. पंख कापून पळायची वाटच बंद केली की भीती जात नाही, फक्त दिसायची बंद होते.

होटगीरोड_वाला
बे, भांडू नका. माझा अनुभव सांगतो, माझ्याकडं सात होते, दोन वर्षांपूर्वी एकानं मला आणून दिले, तेपण असेच सोडलेले.

पहिले पंधरा दिवस काहीच करू नका. म्हणजे खरंच काहीच नाही. पिंजऱ्यापासून तीन-चार फुटांवर खुर्ची टाकून बसा, पेपर वाचा, शेंगा सोला, मोबाईल बघा. त्यांच्याकडं टक लावून बघायचं नाही, टक लावून बघणारा म्हणजे त्यांच्या लेखी शिकरा. वरून हात घालायचा नाही तेही त्याचसाठी. ते अंगाला पिसं चिकटवून बारीक होऊन बसले म्हणजे घाबरलेत, आणि एक पाय वर घेऊन चोच करकर घासायला लागले, अंग साफ करायला लागले म्हणजे तुम्ही खुर्चीसारखे झालात. तिथंपर्यंत आलं की खुर्ची अर्धा फूट पुढं. मला यालाच पाच आठवडे लागले, बायको म्हणायची ह्यांना कामधंदा नाही.

मग राळ्याचं कणीस. बाजारात मिळालं तर सोनं, नाही तर बाजरीचं कोवळं. रोजच्या वाटीत राळा असतोच पण कणीस फक्त तुमच्या हातातून, गजाबाहेरून. हात हलवायचा नाही, दुखलं तरी नाही. माझ्याकडं सगळ्यांत भित्री एक मादी होती, सर्वांत आधी तीच आली, आणि जो दांडगा वाटायचा तो शेवटपर्यंत नाहीच. सगळेच बोटावर येतात असं नाही, पोराला हे आधीच सांगून ठेवा. चावला तर हात झटकू नका, नाही तर चावलं की हात जातो हे तो पक्कं शिकतो.

उन्हाचं विसरू नका. आता मार्च आहे, अजून महिन्याभरात आपलं ४२-४३ सुरू होईल. पत्र्याखाली ठेवू नका, कूलरच्या तोंडाशीपण नको. पसरट वाटीत अंघोळीचं पाणी ठेवा, दुपारी लाईट गेली की अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं गोणपाट. चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरून बसला तर लगेच गारव्याला न्या.

जुळेसोलापूरची_माऊ
सगळ्यांचे आभार. फोलपटाचं वाचलं आणि रडूच आलं, काकांना अजून सांगितलेलं नाही.

तीन आठवडे झाले. पिवळीला डॉक्टरकडे नेलं (ती मादी आहे, नाकावरची पट्टी तपकिरी म्हणून, निळ्याची निळी, तो नर), खपली गळतेय, दुसरा डोस झाला. नखं कापली. दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावल्या, जाडबारीक. शेवग्याचा पाला पहिले चार दिवस बघितलाही नाही, मग टांगून ठेवला तर निळ्यानं फाडायला सुरुवात केली आणि आता सगळे फाडतात. मुलगा रोज संध्याकाळी पिंजऱ्यासमोर पाढे म्हणतो, एकोणतीसचा पाढा आला की हिरवे दोघं ओरडतात, का ते माहीत नाही. हात अजून आत गेलेला नाही.

पण नवीन प्रश्न. आज सकाळी तळाला पांढरं अंडं! मी काढून टाकू का? शेजारच्या मावशी म्हणतात छोटं मडकं टांग.

पेरूची_फांदी
मडकं अजिबात नको. मडकं दिसलं की ती घालतच सुटेल, एकेका वेळी चार-सहा, आणि ही आत्ता कुठं आजारातून उठतेय, अंगातलं सगळं कॅल्शियम जाईल. अंडं काढूनही टाकू नका, गेलं की त्याच्या जागी दुसरं घालते. उकळून, पूर्ण गार करून तिथंच परत ठेवा. ती बसेल, कंटाळेल, सोडून देईल, मग काढा. पुढची एक दिवसाआड येतील, त्यांचंही तसंच. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (माकूळ माशाचं पांढरं हाड) मिळतो तो कॅल्शियमसाठी गजाला अडकवा. आणि ती फुगून तळाला बसली, शेपटी खालीवर हलायला लागली तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन, अंडं अडकलेलं असू शकतं.

चादरगल्ली_१९७८
समुद्रफेस आमच्या शेडवर पडून आहे वडलांच्या वेळचा, डबाभर. माऊताई, होटगी रोडला येणार असाल तर होटगीरोडवाल्याकडं देऊन ठेवतो.

होटगीरोड_वाला
द्या की काका. येताना चहाला थांबा, खुर्ची आहे पिंजऱ्यासमोर.