श्रावणात त्र्यंबक: सोबत आई-बाबा, धबधबे कोणते बघावेत?

प्रश्न
नाशिकहून एक रात्र त्र्यंबकला मुक्काम करायचाय. सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि १० वर्षांची मुलगी. गाडी स्वतःची. दर्शन, ब्रह्मगिरी डोंगरावरचं गंगाद्वार आणि दुगारवाडीचा धबधबा एवढं बसेल का?

गोदाकाठ
दुगारवाडी यादीतून काढाच. जव्हार रस्त्याला सापगावजवळून खाली उतरायचं, वाट निसरडी आणि मध्ये ओढा ओलांडावा लागतो. खरा धोका त्या ओढ्याचा. इथला काळा कातळ पाणी मुरू देत नाही. डोंगरावर जोराची सर आली की ते सगळं पाणी थोड्याच वेळात खाली येतं, मग तुमच्या डोक्यावर ऊन का असेना. ऑगस्ट २०२२ मध्ये पर्यटक असेच पलीकडे अडकले होते. कुठल्याही ओढ्याकाठी नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला की फोटो सोडून तिथून वर निघायचं. पलीकडे अडकलात तर उंचावर थांबा, पाणी ओसरायची वाट बघा. हाताला हात धरून साखळी करू नका, एक घसरला की सगळे जातात.

आई-बाबांसाठी पहिने गावाकडचे धबधबे चांगले. घोटी रस्त्यावर गाडीत बसूनही डोंगरावरच्या धारा दिसतात. फक्त शनिवार-रविवार नको. आणि पाऊस चालू असतानाच जा. उघडीप मिळाली की त्याच कातळामुळे धारा काही तासांत बारीक होतात.

प्रश्नकर्ता
आणि गंगाद्वार? सोमवारी दर्शन घडावं अशी आईची फार इच्छा आहे.

पायरीवाट
गंगाद्वाराला ७०० च्या आसपास पायऱ्या आहेत, पावसात शेवाळलेल्या. आई-बाबांना गावातलं कुशावर्त कुंड आणि अहिल्या-गोदावरी संगम दाखवा. ब्रह्मगिरीवर उगम पावून लुप्त झालेली गोदावरी कुशावर्तात पुन्हा प्रकटते अशी श्रद्धा आहे, त्यामुळे आईंना वर न गेल्याची रुखरुख राहणार नाही. मुलीला घेऊन तुम्ही वर जा, पण प्रसादाची पिशवी हातात नको. माकडं थेट पिशवीवर झडप घालतात. प्लास्टिकच्या चपला नकोत, खोल खाचांच्या रबरी तळाचे बूट घाला. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच बरा.

सोमवारचा आग्रह असलाच तर निदान तिसरा सोडून. त्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे डोंगराची प्रदक्षिणा असते. खासगी गाड्या गावाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात, पुढे एसटीने जावं लागतं आणि दर्शनाची रांग म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. खरं तर मंगळवार-बुधवार उत्तम. आदल्या संध्याकाळी कुशावर्त, पहाटे दर्शन, नंतर गंगाद्वार.

गोदाकाठ
परतताना एक भर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल तर गंगापूर रोडला सोमेश्वरच्या दूधसागर धबधब्याला जा. तिथलं पाणी त्या दिवशीच्या पावसापेक्षा धरणाच्या विसर्गावर ठरतं. निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा. विसर्ग मोठा असेल तर लांबून, कठड्याच्या आतूनच बघायचं.