सुखोई भारी की राफेल? पोरीला काय सांगू?

विश्रांतवाडीकर:
आम्ही लोहगाव धावपट्टीच्या जवळच राहतो, सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि माझी आठवीतली पोरगी सगळं टाकून गच्चीवर पळते. काल विचारते, बाबा, सुखोई भारी की राफेल, आणि मला काही धड सांगताच आलं नाही. कागदावर सुखोई मोठं, इंजिनं जास्त ताकदीची, डिझेलच्या टँकरसारखं पोटात इंधन, वर थ्रस्ट व्हेक्टरिंग, म्हणजे इंजिनाचा झोत हवा तिकडे वळवायची सोय. मग जो तो राफेलच वरचढ का म्हणतो? जाणकारांनी जरा उलगडून सांगा ना.

ओझरकाका:
माझी उभी हयात नाशिकजवळच्या ओझरला, विमानाच्या कारखान्यात सुखोईच्या जोडणीत गेली, जीव त्याच्यावरच आहे, तरी खरं ते सांगतो. थ्रस्ट व्हेक्टरिंगचा उपयोग जवळच्या झुंजीत, कमी वेगात नाक पटकन वळवायला. पण आता निकाल बहुतेक वेळा शंभरेक किलोमीटरवरूनच लागतो, तिथे प्रश्न एकच, आधी कोणाला कोण दिसलं. सुखोईचं नाक मोठं म्हणून त्यात बार्स रडारही मोठं बसतं, लांबचं बघतं, पण ते जुन्या पद्धतीचं, एकाच ट्रान्समीटरवर चालणारं. राफेलचं एईएसए, म्हणजे शेकडो छोटे छोटे ट्रान्समीटर, ते जॅम करणं, म्हणजे उलट्या लहरी सोडून आंधळं करणं, अवघड. आणि सुखोईचं धूड शत्रूच्या रडारवर लांबूनच दिसतं हो, ते कसं लपवणार.

कोथरूडचा_निखिल:
काकांना अनुमोदन. त्यात राफेलचं मीटिओर मिसाइल धरा, माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. साध्या मिसाइलची मोटर काही सेकंदात जळून संपते आणि पुढे ते नुसतं मिळालेल्या वेगावर जातं, लांबच्या विमानाने जोरात वळण मारलं की त्याचा दम संपतो. मीटिओरला रॅमजेट आहे, बाहेरची हवा घेऊन इंधन पुरवून पुरवून जाळतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यातही जोर शिल्लक, म्हणून त्याच्यापासून पळणं कठीण. शिवाय राफेलची स्पेक्ट्रा सिस्टिम, कोण आपल्यावर रडार मारतंय ते ओळखून जॅमिंग करते.

ओझरकाका:
बरोबर आहे निखिल, पण अडीच टनाचं ब्रह्मोस मिसाइल पोटाखाली घेऊन राफेल उडत नाही. त्यासाठी सुखोईचा सांगाडा मजबूत केला, आणि 25 जून 2016 ला ते लटकवून पहिलं उड्डाण झालं ते आमच्या ओझरलाच. आम्ही सगळे शेडबाहेर उभे होतो, चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत कोणी बोलत नव्हतं. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये बंगालच्या उपसागरावर ते डागूनही झालं. आणि हवाई दलाने घेतलेली राफेल 36, सुखोई अडीचशेच्या वर. रोजचा भार कोण उचलतंय ते तुम्हीच बघा. पोरीला सांगा, हवेतल्या लढाईत राफेल पुढे, पण लांबवर जड मारा करायचा तर सुखोईच.

विश्रांतवाडीकर:
काका, मनापासून आभार, तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. आता म्हणते, मग सुखोईतच एईएसए का नाही बसवत?

ओझरकाका:
हुशार आहे लेक! तेच करायचं ठरलंय, सुपर सुखोईच्या, म्हणजे आहेत ती सुखोई सुधारायच्या योजनेत विरूपाक्ष नावाचं आपलं देशी एईएसए रडार आहे. ते बसलेलं सुखोई तुमच्या गच्चीवरून गेलं की मला इथे जरूर कळवा.