वडील अंथरुणाला खिळलेत : जमीन मुलांच्या नावावर करावी का, आणि शुश्रूषेच्या खर्चाला कोणती मदत मिळते?

मांजराकाठ (केज तालुका)

वडील ७४, आई ६८. वडिलांना पक्षाघात झालाय, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. होकार-नकार नीट देतात. सांभाळायला ठेवलेला माणूस, डायपर, औषधं, फिजिओथेरपी मिळून खर्च महिन्याला वीस हजारांच्या पुढं. वडिलांच्या नावावर पाच एकर आहे, त्यातली तीन एकर वडिलोपार्जित आणि दोन एकर त्यांनी स्वतः घेतलेली. गावठाणात घर. सहा लाखांची ठेव, एकट्याच्या नावावर. आम्ही दोन भाऊ, एक बहीण.

गावात जो तो सांगतो, "जमीन पोरांच्या नावावर करा, म्हणजे निराधारचा पगार सुरू होतो आन् दवाखानाबी फुकट." बक्षीसपत्राला दोनशेच रुपये लागतात म्हणे. शेत-घर हातचं जाऊ नये आणि मिळेल ती मदतही मिळावी, तर आधी काय करावं?

दप्तरदार

आधी हिशेब मांडा, मग सही.

६५ च्या पुढच्या माणसाला मिळतो तो श्रावणबाळ योजनेचा पगार, महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. अट आहे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असण्याची. दाखला तहसीलचा, आणि तो निघतो तलाठ्याच्या अहवालावर. त्यामुळे जमीन उतरवायचा सल्ला कुठून येतो ते कळतं. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. वडिलांना पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० येत असतील तर सातबारावरून नाव गेलं की दोन्ही थांबतात. मुलांनाही त्या जमिनीवर ते चालू होत नाहीत, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर झालेला फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) फक्त वारसाहक्काचा असेल तरच पीएम किसानमध्ये धरतात. बक्षीसपत्राचा धरत नाहीत. म्हणजे १८,००० साठी १२,००० सोडायचे. वर्षाला सहा हजारांच्या फरकापायी पाच एकर हातची घालवायची का, हे घरात सगळ्यांना बसवून विचारा.

शिवाय जमीन नावावर असेपर्यंत ठोक्याचे पैसे (ठरलेल्या रकमेवर शेत दुसऱ्याला करायला दिल्याचे) वडिलांच्या हातात येतात, त्यावर आयकर नाही, आणि गरज पडली तर एखादा तुकडा विकता येतो. नाव गेलं की हे सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर.

दवाखान्याचा तर जमिनीशी संबंधच नाही. ७० च्या पुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. वय आधारवरचं धरतात. जुन्या लोकांच्या आधारवर अंदाजानं १ जानेवारी टाकलेली असते आणि वय चार-पाच वर्षं कमी भरतं, तिथंच अर्ज अडकतो. तेव्हा आधार आधी बघा.

बालाघाट

बक्षीसपत्राबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घरं तिथंच फसतात.

दोनशे रुपयांची गोष्ट खरी आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त आहे म्हणूनच लोक घाईनं करतात. पण एकदा नोंदणी झालेलं बक्षीसपत्र वडिलांना मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही.

मागं घ्यायची मुख्य वाट म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा २००७, कलम २३. बक्षीस देताना सांभाळण्याची अट असेल आणि घेणाऱ्यानं ती मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. आता ती अट कागदावर कुठं असते? बहुतेक दस्तलेखक "प्रेमापोटी, आपुलकीपोटी" एवढंच लिहितात. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अट सिद्ध झाली पाहिजे असं म्हटलं, आणि २०२५ च्या जानेवारीत कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईला जागा परत दिली. पण त्या भरवशावर राहू नका. द्यायचंच ठरलं तर दस्तातच लिहा : घेणारा अन्न, औषध, शुश्रूषा आणि राहण्याची जागा हयातभर पुरवील, न पुरवल्यास बक्षीस रद्द होईल. घरात राहण्याचा आईचा हक्कही त्याच दस्तात.

तुमच्या तीन एकर वडिलोपार्जित जमिनीचं तर बक्षीसपत्र नकोच. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून बहिणीचा वाटा मुलाइतकाच आहे. न वाटलेली जमीन एकाच्या नावे दिली की उद्या दिवाणी दावा ठरलेला. बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचं असेल तर तिला सगळं समजावून घ्या. ती सहीही परत फिरत नाही. आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) किंवा इनाम असा शेरा आहे का ते बघा. आपल्या निजामी मुलखात मदतमाश, खिदमतमाश अशी इनाम जमीन बरीच आहे, तिथं परवानगीशिवाय हस्तांतरण केलं तर शर्तभंग होतो.

माझं मत सांगतो : मृत्युपत्र करा. मुद्रांक नाही, नोंदणी फी शंभर रुपये, दोन साक्षीदार, आणि वडील असेपर्यंत मालकी त्यांचीच. वडिलोपार्जितातला स्वतःचा वाटाही मृत्युपत्रानं देता येतो. पुढं फेरफार वारसाहक्काचा होतो, त्यामुळे वर दप्तरदारांनी सांगितलेली पीएम किसानची अडचणही येत नाही.

मांजराकाठ

मृत्युपत्र पटलं. पण वडील कचेरीत जाऊ शकत नाहीत, सहीही करता येत नाही. आणि ठेव मोडता येईना. बँकेत सही जुळत नाही म्हणतात.

गोदाकाठची परिचारिका

दोन्हीचे मार्ग आहेत, पण वडिलांना समजतंय तोवरच. म्हणून हे काम दिवाळीवर ढकलू नका.

मृत्युपत्रासाठी दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज द्या, सोबत आजाराचा कागद. डाव्या हाताचा अंगठा चालतो. त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं आणि त्यात "रुग्ण शुद्धीवर असून व्यवहार समजतो" हे शब्द हवेत. नुसतं "पक्षाघात" लिहिलेलं उलट अंगावर येतं. बोलणं अडखळतं म्हणून प्रश्न होकार-नकारात उत्तर देता येईल असे विचारायला सांगा, चित्रीकरण करा. साक्षीदार जमीन मिळणाऱ्यांपैकी नकोत. डॉक्टरच साक्षीदार झाले तर सोन्याहून पिवळं.

बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देशच आहेत. आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो, ओळखायला दोन स्वतंत्र साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मोडण्यापेक्षा आईचं नाव जोडून ठेव "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी करून घ्या. मुखत्यारपत्रावर मात्र सगळं टांगू नका. माणसाची समज गेली की ते कायद्यानं संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापर्यंत जावं लागतं.

आता शुश्रूषेचं स्पष्ट बोलते. आयुष्मान कार्डात दाखल रुग्णाचे उपचार बसतात. घरचा माणूस, डायपर, हवेची गादी यातलं काही बसत नाही. अनुदानित वृद्धाश्रमही चालता-फिरता माणूसच घेतात. म्हणून हा खर्च शेवटी वडिलांच्या मालमत्तेतूनच उभा करायचा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती त्यांचीच आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात फिजिओथेरपी दाखवा, आणि अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करा. नोकरी करणारा भाऊ जुनी करप्रणाली वापरत असेल तर त्या कार्डावर आयकरात अपंग आश्रितासाठीची ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्यापुढं अपंगत्व असेल तर सव्वा लाख.

पाठीला जखम होऊ देऊ नका. दर दोन तासांनी कूस बदला. जखम चिघळली तर जमीन वाचवायचं सगळं गणित एका महिन्यात कोसळतं.

दप्तरदार

दोन गोष्टी राहिल्या. शेत ठोक्यानं देताना एका वर्षाचाच लेखी करार करा, पैसे वडिलांच्या खात्यावर घ्या, आणि ई-पीक पाहणी (पिकाची मोबाइलवरची सरकारी नोंद) वडिलांच्या जमिनीच्या खात्यावर आपणच करा. शेत करणाऱ्याच्या हातात ती सोडली की पुढं कुळाचा वाद उभा राहतो.

विकायची वेळ आलीच तर स्वतः घेतलेल्या दोन एकरांतून विका, वडिलोपार्जिताला हात लावू नका. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या बाहेर असलेल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. अंतराचा दाखला खरेदीखताआधी काढा. आलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, वडील-आई संयुक्त. मर्यादा ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी. सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्या व्याजातून भागवा.