प्लास्टिकमधून म्हणे शून्य रोधाने वीज!

खडूस_पुणेकर (धागाकर्ता): घरच्या ग्रुपवर मेव्हण्याने पोस्ट टाकली: 'प्लास्टिक अतिवाहक होतं हे २००१ मध्येच सिद्ध झालं, तांबेवाल्यांनी दाबलं.' (अतिवाहक म्हणजे ज्याचा विजेला रोध शून्य.) डोकं फिरलं, म्हणून हा धागा. कुणी काही दाबलं नाही, थाप पकडली गेली! अमेरिकेतल्या बेल लॅब्ज प्रयोगशाळेच्या श्योन या संशोधकाने पॉलिथायोफीन (एक पॉलिमर, म्हणजे लांब साखळी-रेणूंचं प्लास्टिक) २.३५ केल्विनला (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) अतिवाहक झाल्याचं 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं होतं. २००२ च्या चौकशीत त्याची बनवाबनवी उघडी पडली. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटसुद्धा ठिपक्याला ठिपका तोच! पेपर मागे घेतले, नोकरी गेली.

रसायनवाला: असहमत. एक भामटा निघाला म्हणून सगळे पॉलिमर बदनाम? गंधक-नायट्रोजनची साखळी, धातूचा एक अणू नाही, तरी १९७५ मध्ये ०.२६ केल्विनच्या खाली अतिवाहक निघाली. ते खरं आहे.

खडूस_पुणेकर: ०.२६! मेव्हण्याला सांगतो, आधी तेवढा फ्रिज घे. बरं बाबा, मान्य. सव्वा केल्विनभर मान्य.

रसायनवाला: सव्वा नाही, पाव. आकडे तरी नीट वाचा.

वायरमन_सांगली: आम्ही मीटरवर शून्य ओहम पाहिलं की शॉर्ट शोधतो. हे लोक पेपर लिहितात :)

हिरवी_गोळी: वायरमनदादा, दुखऱ्या नसेवर बोट! एमएस्सीला पॉलिअ‍ॅनिलीन या वीजवाहक पॉलिमरची हिरवी गोळी दाबून तिला चांदीच्या पेस्टने चार तारा लावल्या, बाहेरच्या दोन वीज सोडायला, मधल्या दोन व्होल्टेज मोजायला. व्होल्टेज शून्य. सर पेढे आणायला निघाले. रात्री गोळी उलटी केली, तर पेस्ट खालून ओघळून मधल्या दोन तारा जोडून बसलेली. सांगितलं तर सर माझ्यावरच उखडले, 'एवढी महाग पेस्ट सांडलीसच कशी!'

वायरमन_सांगली: पेस्ट कशाला? सोल्डर मारायचं की.

हिरवी_गोळी: पॉलिमरला सोल्डर? गोळी जळेल हो.

वायरमन_सांगली: मग दाबाचे कॉन्टॅक्ट. वीस वर्षं तारा जोडतोय, शिकवू नका.

रसायनवाला: धागा अतिवाहकतेचा आहे की सोल्डरिंगचा? आणि चुकांना एवढं हसू नका. जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट पडला, म्हणून पॉलिअ‍ॅसिटिलीन या पॉलिमरचा चकचकीत पापुद्रा मिळाला. १९७७ मध्ये आयोडीन दिल्यावर वाहकता कोटीपट वाढली, २००० साली नोबेल.

खडूस_पुणेकर: ती वाहकता झाली, अतिवाहकता नव्हे! रोध उरलाच ना? मेव्हणा नेमका हाच घोळ करतो. नुसता रोध शून्य दिसूनही भागत नाही, नमुना चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो का तेही दाखवावं लागतं.

रसायनवाला: ते मला सांगताय? मी कुठे म्हटलं पॉलिअ‍ॅसिटिलीन अतिवाहक आहे म्हणून? वाचत जा हो!

खडूस_पुणेकर: ठीक, नाही म्हटलंत. थोर आहात. मेव्हण्याच्या ग्रुपवर येता का?

हिरवी_गोळी: दादा, दाबाचे कॉन्टॅक्ट म्हणजे स्प्रिंगच्या पिना ना? त्यांनी गोळीला तडे नाही जात?

वायरमन_सांगली: फोटो टाका, मग सांगतो.