वजनकाटा भंगारात द्या म्हणणाऱ्यांना

पेन्सिलवाली:
काल इथे एकांनी लिहिलं, "रोज वजन करणं हा आजार आहे. काटा भंगारात द्या, पँट सैल झाली की कळतंच." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

सैल झालेलं कळतं हो, घट्ट होताना कळत नाही. बाळंतपणानंतरची सहा वर्षं मी गाऊन आणि नाडीच्या सलवारीत काढली. नाडी काय, सैल करत गेलं की झालं. ५८ चे ७४ किलो झाले, ते गुडघा जिना चढू देईना तेव्हा समजलं.

मग काटा आणला. सकाळी संडासला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन, आणि आकडा कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने. पहिल्या महिन्यात आज ७३.६, उद्या ७४.९. एकदा लग्नाचं जेवून आले तर दीड किलो वर. रडले. तीन दिवसांत आपोआप उतरलं. एका पंगतीने दीड किलो चरबी चढत नाही, ते पाणी असतं. शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं तेव्हा त्याच्या साधारण तिप्पट पाणी धरतं, वर जेवणातलं मीठ. पाळीच्या आधी दर महिन्याला किलोभर वाढतं, हेही मला त्या चौकोनांनीच दाखवलं. आता एका दिवसाच्या आकड्याने जीव खालीवर होत नाही, रविवारी सात दिवसांची सरासरी काढते. या आठवड्याची ६६.३. हा आजार असेल तर मला तो बरा करायचा नाही.

दंडबैठक:
ताई, मेहनत मान्य, पण मोजताय चुकीची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांचं हेच आहे, हातपाय काटक्या आणि पोटात चरबी. काट्याला त्यातलं काय दिसणार? कंबर मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत, बाईला ८० च्या. माझं वजन वर्षभर ७१ च्या ७१, कंबर ९६ ची ८८ झाली. काट्याला विचाराल तर मी वर्षभर झोपून होतो.

आणि खाणं ग्रॅममध्ये मोजून ॲपमध्ये टाका. माझ्या भाकरीचं पीठ बायको रोज मोजून घेते, भाजीही तेल मोजून वेगळी करते.

सहा_ताटं:
वाचता वाचता इथेच थांबले. बायको मोजून घेते, वेगळी करते. आणि प्रगती तुमची?

आमच्याकडेही हेच चाललंय. सासूबाईंना बिनतिखटाचं, मुलाला बटाटाच हवा, आणि वर्षभरापासून यांचं वेगळं पातेलं. आमटी वाढली की विचारतात, "यात तेल किती?" सहा माणसांत दोन पळ्या. तर म्हणे पळीचं माप घेऊन ठेव. मी ओट्याशी उभ्याने उरलेलं खाते, ते कोणत्या ॲपमध्ये टाकू? माझं स्वतःचं वजन मला तीन वर्षांत माहीत नाही.

दंडबैठक:
तुम्हाला माझं घर माहीत नाही. ती स्वतःच्या हौसेने करते. विषय वजनाचा आहे, माझ्या संसाराचा नाही.

सहा_ताटं:
संसार तुम्हीच आणलात धाग्यावर. हौस आहे असं ती म्हणाली, की तुम्हीच ठरवलंत?

शेंगाचटणी:
भांडण चालू द्या, पण ॲपचं मला बोलू द्या. 'चपाती, १ नग' म्हणजे कोणाची? आमच्याकडची घडीची, तेल लावलेली, की शेजारच्यांचा फुलका? चमचाभर तेलाच्या चाळीस-पंचेचाळीस कॅलरी होतात. आणि कूट तर कुणी धरतच नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. आमच्या सोलापुरात वांग्याच्या भाजीत मुठीने कूट पडतं. मी चार महिने इमानदारीने 'वांग्याची भाजी, १ वाटी' टाकत होतो आणि वजन का हलत नाही म्हणून कपाळ बडवत होतो.

लेकीची_आई:
तुम्ही सगळे मोठी माणसं आहात. माझी मुलगी सातवीत होती. नाचाच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर वजनं केली आणि फळ्यावर नावापुढे लिहिली. त्या दिवसापासून डबा भरलेला परत यायला लागला. मला वाटायचं भाजी आवडत नसेल. पुढे पाळी थांबली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. पावणेदोन वर्षं गेली त्यातून बाहेर यायला. अजूनही कुणी "बारीक झालीस गं" म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. माझ्या घरात काटा नाही आणि येणार नाही. काल ज्यांनी लिहिलं, त्यांच्या घरात काय घडलंय ते तुम्हाला माहीत आहे का?

पेन्सिलवाली:
नाही माहीत. अंगठे देणाऱ्यांवर चिडले, त्यात हे मनातही आलं नाही. पोरींची वजनं फळ्यावर लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो. तुमच्या घरात काटा नसावा, बरोबरच आहे. पण माझा भंगारात द्या असं कुणी सांगू नका, एवढ्यावर मी ठाम आहे.

दंडबैठक:
विचारलं मी बायकोला. म्हणाली, पीठ मोजण्याचं काही नाही, पण रोज दोनदा भाजी टाकायचा कंटाळा येतो, आणि बोलून दाखवलं तर मी चिडेन असं वाटायचं. उद्यापासून सगळ्यांना एकच भाजी, तेल मी मोजून देणार. सहा_ताटं, तुमचं बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. कंबरेचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सहा_ताटं:
बरं. आठ दिवसांनी विचारीन.

पेन्सिलवाली:
टेप नेमका कुठे धरायचा? बेंबीवर?

दंडबैठक:
नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध. पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडून मग बघायचं.

पेन्सिलवाली:
दोनदा मोजलं. ८९ आलं. आठ किलो उतरूनही ८९. लिहिलंय चौकोनात, ६६.३ च्या खाली.