मदत हवी आहे: शिपयार्डातून ऑफशोअरला जायचंय, तेल-गॅस धरू की पवनऊर्जा?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा, मेकॅनिकल झालंय, सध्या वास्कोजवळ एका शिपयार्डात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. म्हणजे दिवसभर वेल्ड तपासायचे, डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारायचं, वरच्या पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उठली की वेल्डरला परत ग्राइंड करायला लावायचं. काम मनापासून आवडतं, पण डोळा बाहेरच्या ऑफशोअर, म्हणजे भर समुद्रातल्या, प्रोजेक्टांवर आहे, अबूधाबी, कतार, जमलं तर उत्तर समुद्र.

अडचण घरची आहे. बाबा खाणीवर मशीन चालवायचे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या आणि २०१८ ला परत बंद, आमच्याकडे दारादारात ट्रक गंजत उभे होते. त्यामुळे मी तेल-गॅस म्हटलं की ते एवढंच विचारतात, "हेही उद्या बंद पडलं तर काय करशील?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

दुसरं म्हणजे एक एजंट म्हणतोय की बोसिएट (ऑफशोअरला जाण्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण) आधी स्वतःच्या खर्चाने कर, वर दीड लाख भर, मग कतारचं ऑफर लेटर देतो. बेतुलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर आहे, तिथे करावं का? की नोकरी लागल्यावर कंपनीच करून घेते? कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

अरे, पैसे अजिबात भरू नकोस! परदेशी नोकरीसाठी एजंट सरकारकडे नोंदलेला लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर बघ, आणि नोंदलेल्यालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख मागतो तिथेच कळलं.

बोसिएटची एवढी घाई नको, ते चार वर्षंच चालतं आणि नोकरी नसताना केलं तर मुदत नुसती जळत जाते. त्यात हेलिकॉप्टरची डमी केबिन पाण्यात बुडवून उलटी करतात, पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं असतं, तेव्हा पोहणं पक्कं कर ते मात्र आत्तापासून. पवनऊर्जेला वेगळं, जीडब्ल्यूओचं (पवनऊर्जा कंपन्यांच्या संघटनेचं) सुरक्षा ट्रेनिंग लागतं, त्याची मुदत बहुतेक दोनच वर्षं.

मी तुझ्या जागी असतो तर आधी सीएसडब्ल्यूआयपी ३.१ (वेल्डिंग इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्र) केलं असतं. वेल्डिंग इन्स्पेक्टर तेलाच्या जॅकेटलाही (प्लॅटफॉर्मखालचा पोलादी सांगाडा) लागतो आणि पवनचक्कीच्या मोनोपाइललाही (समुद्रतळात ठोकलेला पायाचा जाड पाइप). बाबांना हेच सांग, की खाण बंद पडली तर मशीन तिथेच राहतं, पण वेल्ड तपासणारा दुसऱ्या यार्डात जातो. डेन्मार्कची डाँग एनर्जी, नावातच तेल आणि गॅस होतं, ती पवनऊर्जेकडे वळली आणि २०१७ ला नाव बदलून ऑर्स्टेड झाली. नॉर्वेचं स्टॅटऑइल २०१८ ला इक्विनॉर झालं. तीही समुद्रावर पवनचक्क्या उभारतेय, तेल-गॅस चालू ठेवून. म्हणून मी एकच एक धरणार नाही, पहिली नोकरी जिथे मिळेल तिथे घे.

आणि यार्डातून अनुभवाचं पत्र घेताना नुसतं 'क्यूसी इंजिनिअर' नको, कुठल्या कोडखाली (तपासणीच्या ठरलेल्या नियमावलीखाली) काय तपासलं ते लिहून घे, पुढे एपीआय ५७० (पाइपिंग इन्स्पेक्टरची परीक्षा) द्यायची झाली तर अनुभव दाखवावा लागतो. डिग्रीचं अटेस्टेशनही (खरेपणाचे शिक्के) सुरू कर, यूएईसाठी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, यात बराच वेळ जातो.

तुझ्याकडे एनडीटीची (वस्तू न तोडता करायच्या तपासणीची) लेव्हल टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र, आहे का? असेल तर कुठल्या पद्धतीत ते लिही, त्यावरून आधी कुठे अर्ज टाकायचे ते सांगतो.