आयजीआय ही वाईट गेम होती (शिव्या घालण्याआधी पूर्ण वाचा)

कन्नाचौक८८

परवा सोलापुरात विजापूर रोडला मित्राच्या पोराचं बारसं होतं. जेवणं उरकली, आमचा जुना कंपू कोपऱ्यात बसला आणि गाडी नेहमीप्रमाणे 'प्रोजेक्ट आयजीआय' या कॉम्प्युटरवरच्या जुन्या गोळीबाराच्या गेमवर आली. 'तसली गेम परत झाली नाही बे,' असं पाचातले चौघे म्हणाले. पाचवा मी. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय.

२००६चा मे महिना. बारावीची परीक्षा संपलेली, डोक्यावर पत्रा, बाहेर ४४ अंश, शेजारी लूमची खटखट. पेपरातलं लोडशेडिंगचं वेळापत्रक कापून मी मॉनिटरला चिकटवलं होतं. ते अभ्यासासाठी नव्हतं. मिशन कधी सुरू करायचं हे त्यावरून ठरायचं, कारण या गेममध्ये मिशनच्या मधे सेव्हच होत नाही, म्हणजे मेलं किंवा गेम बंद पडली की ते मिशन परत पहिल्यापासून. चौदा मिशन्स आणि प्रत्येक मिशन एका दमात. चाळीस मिनिटं पोटावर सरपटत गेलो, कॅमेरे बंद केले, शेवटच्या कॉम्प्युटरपाशी पोचलो आणि कुठल्या तरी शिडीवर चढताना मागून गोळी. शिडीवर असताना बंदूक चालवता येत नाही. परत तारेच्या कुंपणापासून सुरू. आणि नाही मेलो, तर लाईट जायची.

बरं, शत्रू तरी हुशार असावेत? शेजारचा गडी धाडकन पडला तरी दुसरा विडी ओढत असल्यासारखा उभा. पण अलार्म वाजू दे, मग बराकीतून माणसं बाहेर पडतात ती गड्ड्याच्या जत्रेतून शेवटची बस सुटताना पडावीत तशी. एक मारला की दुसरा, दुसरा मारला की तिसरा, त्याच दारातून. याला अवघड म्हणत नाहीत, याला चिवट म्हणतात. भरीला मल्टिप्लेअर नाही, म्हणजे मित्रांबरोबर खेळायची सोय नाही.

गेमनं माझा वेळ खाल्ला आणि त्या बदल्यात काही दिलं नाही. तेव्हा दुसरी सीडी नव्हती म्हणून आपल्याला ती भारी वाटली. भूक लागलेल्याला कडक भाकरीही गोड लागते, त्यातला प्रकार. बोला आता.

शेंगाचटणी

का बे, बारशात डोक्यावर पाळणा पडला का?

भुईकोट_स्नायपर

पूर्ण वाचलं. शत्रूंच्या अकलेबद्दल (एआय) जे लिहिलंस ते खरं आहे, त्यावर भांडणार नाही. बराकीच्या दाराबद्दलही नाही. पण सेव्हच्या मुद्द्यावर तू अर्धंच सांगितलंस.

ही गेम इनरलूप नावाच्या नॉर्वेच्या कंपनीनं २०००च्या शेवटी काढली. त्याआधी त्यांनी लढाऊ विमानाचा सिम्युलेटर केला होता आणि त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, इथं वापरलं. म्हणून तर डोंगरावर उभं राहिलं की अख्खा तळ एका नजरेत दिसायचा. त्या काळच्या बाकी शूटर गेम आठव, खोल्या आणि बोळ. इथं मोकळं माळरान. कुठून घुसायचं ते तुझं तू ठरव. आणि तो नकाशाचा कॉम्प्युटर! वरून सॅटेलाइटसारखं बघायचं, कुठला शिपाई कुठून कुठं फिरतो ते मोजायचं, मग पाऊल टाकायचं.

आता सांग, दर दोन मिनिटांनी सेव्ह करता आला असता तर तू ती दुर्बीण कधी डोळ्याला लावली असतीस का? घुसलो, मेलो, लोड. घुसलो, मेलो, लोड. नकाशा उघडायची गरजच पडली नसती. सेव्ह नव्हता म्हणून आपण विचार करायला लागलो. मला त्या विमानतळाच्या मिशनमधलं कुंपण कुठं आहे ते आजही डोळ्यांपुढे येतं. गेल्या वर्षी शंभर तास खेळलेल्या गेममधला एक रस्ता आठवत नाही.

लोडशेडिंगचा राग गेमवर काढू नकोस. नॉर्वेत लाईट जात नाही.

कन्नाचौक८८

नॉर्वेत जात नसेल, पण नॉर्वेतल्या लोकांनाही जेवायला उठावं लागत असेल की.

आणि दुर्बिणीचं म्हणशील तर पहिल्या दोन वेळी विचार करतो रे माणूस. सातव्या वेळी तेच कुंपण, तोच टॉवर, तोच शिपाई. तेव्हा विचार कसला, पाठांतर. पाढे म्हटल्यासारखं. तू ज्याला 'डोळ्यांपुढे येतं' म्हणतोस ना, तेच हे. शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहिलेला शब्दही आयुष्यभर आठवतो, म्हणून शिक्षा चांगली होती असं नाही.

आणि त्यांनाही ते कळलंच. २००३ला 'आयजीआय २' आली, तिच्यात मिशनच्या मधे सेव्ह दिला. मल्टिप्लेअरही दिला. स्वतः बनवणाऱ्यांनी चूक सुधारली, तुम्ही अजून आरती ओवाळताय.

भुईकोट_स्नायपर

दिला, पण मोजून दिला. एका मिशनला ठरावीक सेव्ह, अवघड लेव्हलला आणखी कमी. कुठं खर्च करायचा याचाही घोर. म्हणजे धाक काढला नाही, फक्त सैल केला. १९९६च्या 'रेसिडेंट इव्हिल' या भुताखेतांच्या गेममध्ये सेव्ह करायला टाइपरायटर आणि शाईची रिबन होती, तसंच. रिबन संपली की सेव्ह नाही. तिला कुणी वाईट म्हणत नाही.

मुस्तफा_भाऊ

पोरांनो, तुमचं चालू द्या, पण मी तुमच्याहून दहा वर्षांनी मोठा आहे म्हणून एक सांगतो.

नव्या पेठेत एका बोळात नाणं टाकून खेळायच्या गेमचं पार्लर होतं. 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉमची, १९९३. हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी ती 'मुस्तफा', त्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून. चार खेळाडू निवडायला होते, पण मुस्तफा सगळ्यात चपळ, म्हणून त्याच्यावरून मारामाऱ्या. हॅना कुणी घ्यायचं नाही, जाडा मेस उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला.

ते मशीन रुपये खाण्यासाठीच बनवलेलं. शेवटाकडं तर इतकं अन्यायी होतं की खिसा रिकामा झाल्याशिवाय सोडायचं नाही. तरीही मेल्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे आणि तेवढ्यात नाणं टाकलं की जिथं पडलास तिथंच उभा. पहिल्यापासून नाही! पैशाला हावरट असलेल्या मशीनला जे कळत होतं, ते तुमच्या नॉर्वेवाल्यांना विकत घेतलेल्या गेममध्ये कळलं नाही?

(विकत घेतलेल्या म्हणालो खरा. सोलापुरात किती जणांनी विकत घेतली होती ते आपल्याला माहीत आहे.)

शेंगाचटणी

भाऊ, मेसची बदनामी सहन केली जाणार नाही. मी कायम मेसच घ्यायचो. घ्यावाच लागायचा.

बाकी सेव्हचंच रडगाणं असेल तर जीटीएवाली 'व्हाइस सिटी' काढा की. तिथं तरी कुठं हवा तिथं सेव्ह व्हायचा? घरी जायचं, गोल फिरणाऱ्या कॅसेटवर उभं राहायचं. तरी ती २००२ची गेम आजही राजा. गाडीत रेडिओ लावला की १९८६चं शहर उभं राहायचं, मिशन गेलं खड्ड्यात. खोट एकच, तिचा हिरो टॉमी एवढा मोठा डॉन आणि गुडघाभर पाण्यात मरतो. आमच्या सिद्धेश्वर तलावात म्हशी त्याच्यापेक्षा बऱ्या पोहतात.

कन्नाचौक८८

व्हाइस सिटीत पण खोट आहेच. ते रिमोटचं हेलिकॉप्टर आणि चार बॉम्ब, बांधकाम चालू असलेली इमारत. त्या एका मिशनवर माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांचा गेम संपला, पुढं फक्त 'पँझर' टाइप करून रणगाडा काढायचा आणि फिरायचं. पण बघ, मिशनमध्ये मेलं की दवाखान्याबाहेर टॅक्सी उभी असायची, मिशन सुरू होतं त्या ठिकाणी परत नेणारी. कुणीतरी विचार केला होता की हा गडी वैतागला असेल. माझं म्हणणं तेवढंच आहे.

ड्रॉप_कुठं

काका लोक, एवढा वेळ बॉट्सवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेल्या शत्रूंवर भांडताय 😂 बीजीएमआय खेळा, पबजीचं भारतातलं रूप. शंभर जण, समोर खरी माणसं, सेव्हचा प्रश्नच नाही. मेलं की लॉबी, म्हणजे परत सुरुवातीची खोली, अर्ध्या तासात मॅच संपते. फुकट आहे, साध्या फोनवर चालते.

भुईकोट_स्नायपर

सगळी खरी माणसं नसतात रे बाळा. खालच्या रँकला तुझ्या किल्समध्ये बॉट किती ते एकदा नीट बघ. बंदूक हातात लागते छान, आवाजावरून माणूस कुठं आहे ते कळतं, मित्रांबरोबर मजा येते, ते सगळं कबूल. पण ती गेम तुला दारातून जाऊच देत नाही. आज लॉगिन केलंस का, हे मिशन राहिलं, पास संपत आला, ही रंगीत बंदूक दोनच दिवस. आणि सप्टेंबर २०२०ला भारतात पबजी बंद झाली, २०२१ला नव्या नावानं आली, २०२२ला परत गायब, २०२३ला परत हजर. त्या मधल्या काळात खेळायचं ठरवलं असतंस तर काय केलं असतंस? आमची सीडी ओरखडे पडले तरी चालायची.

अर्धवट_सेव्ह

मी सहसा नुसतं वाचते, आज राहवलं नाही. दोन पोरं, सकाळची शाळेची गडबड, दुपारी हिशोबाचं काम. खेळायला रात्री पाऊण तास मिळतो, तोही 'आई, पाणी' ऐकत.

तुम्ही दोघंही सेव्ह आहे की नाही यावर अडकलाय. मी 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. २०१६ची, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं केलेली. शेती, गुरं, गावातली माणसं. तिथंही हवा तेव्हा सेव्ह होत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की दिवस संपतो आणि तेव्हाच सेव्ह. पण तो एक दिवस म्हणजे आपली चौदा-पंधरा मिनिटं. मधेच उठावं लागलं तर फार फार तर तेवढं जातं. कन्नाचौक दादांची चाळीस मिनिटं जात होती. फरक तिथं आहे. धाक किती ठेवायचा हे हरल्यावर काय हातचं जातं त्यावरून ठरवावं, बटण आहे की नाही त्यावरून नव्हे.

आणि तिची खोटही सांगते, नाहीतर म्हणाल बाई आरती ओवाळते. दुसऱ्या वर्षानंतर सगळं यंत्रं करतात, पैसा पडून राहतो आणि आपण नुसते घरोघर भेटवस्तू वाटत फिरतो. गावातली माणसं तीच तीच वाक्यं बोलतात. मुलाचं लग्न ठरेपर्यंत शेजारणी बोलतात तशी.

भुईकोट_स्नायपर

ताई, हे मान्य. चाळीस मिनिटं जास्तच होती. दोन ठिकाणी थांबे दिले असते तर माझ्या दुर्बिणीला धक्का लागला नसता.

पण मग उलट बाजूही बघा. 'रेड डेड रिडेम्प्शन २', २०१८. जग असं की चिखलात घोड्याचे पाय रुततात, बर्फात वाट उमटते, नुसतं कॅम्पात बसून लोकांचं बोलणं ऐकावं. तिचा हिरो आर्थर मॉर्गन, त्याच्यासारखं पात्र फार गेममध्ये नाही. सेव्ह आहे, मिशनमध्ये चेकपॉइंट (मधले थांबे) आहेत, मेलात तर दोन पावलं मागून सुरू. आणि मिशनमध्ये स्वतःच्या डोक्यानं जरा बाजूनं जाऊन बघा, लगेच मिशन फेल. एवढं मोठं जग आणि मिशन सुरू झालं की हाताला धरून बालवाडीत नेल्यासारखं. आयजीआयनं मला मारलं शंभर वेळा, पण 'इकडून जाऊ नको' असं एकदाही म्हटलं नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

विषय सोडून: आपल्याकडच्या गेमबद्दल कुणी बोलणार का? 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्सची, २०२०ची. पहाडी चित्रांसारख्या भिंती, सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट, देवी दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत कथा सांगतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण मारामारी अडखळते, उड्या मारताना कॅमेरा दगा देतो, आणि शेवट असा की मला वाटलं डाउनलोड अर्धवट झालं. 'आपली' म्हणून पाच तारे देणाऱ्यांचा मला राग येतो. तीन द्या आणि पुढची विकत घ्या, त्यानं जास्त भलं होईल.

शेंगाचटणी

'आपली' म्हणायची तर 'क्रिकेट ०७'च. गोऱ्यांनी अर्धवट टाकली, आपल्या खेळाडूंच्या नावांची मोडतोड केलेली. ती नावं, जर्सी, आयपीएल सगळं पोरांनी पॅच (स्वतः केलेले बदल) टाकून टाकून जिवंत ठेवलं. दोष? एक फटका सापडला की प्रत्येक बॉल सिक्स. बोलिंग करताना झोप लागायची. तरी कॉमेंटेटर रिची बेनोचा आवाज लागला की रविवार सुरू.

मुस्तफा_भाऊ

दर बॉल सिक्स हा दोष कसा काय?

कन्नाचौक८८

रविवारी भाच्याच्या लॅपटॉपवर आयजीआय टाकली. पहिलंच मिशन, आता हातखंडा असेल म्हणून थेट घुसलो. मेलो. परत. मेलो. पाचव्यांदा तर शिडीवरच, भाचा खो खो हसायला लागला. तो म्हणाला, मामा, आधी वरून बघ की. म्हणून नकाशा उघडला, दुर्बीण लावली, दहा मिनिटं नुसतं बघत बसलो. मग मागच्या बाजूनं गेलो, एक अलार्म न वाजता शेवटापर्यंत आलो. घामानं माऊस निसटायला लागला होता. आणि बायकोनं मिक्सर लावला, फ्यूज उडाला. लॅपटॉपची बॅटरी भाच्यानं कधीच संपवलेली.

गेम वाईटच आहे. स्नायपर, तू लगेच उड्या मारू नकोस.

भुईकोट_स्नायपर

मी काही बोललो का? मिक्सर नॉर्वेचा होता का तेवढं सांग.

शेंगाचटणी

ते राहू दे. सातव्यांदा कधी बसतोस बे?